कुठे, केव्हा म्हणाल्या?

मिरची डंकात पडली की बाईने जागचं हलायचं नसतं. लालबागच्या मसाला गल्लीत हा नियम कुठे लिहून लावलेला नाही, पण तो मोडणारी अजून मला दिसायची आहे. तुम्ही पाठ वळवलीत की तुमच्या बेडगीच्या जागी कुणाची तरी गेल्या सालची फिकट मिरची येते, अशी प्रत्येकीची खात्री. प्रत्यक्षात असं झालेलं कुणी बघितलेलं नाही, कारण पाठ कुणी वळवतच नाही. तर एप्रिलमधल्या त्या सोमवारी मीही अशीच उभी होते. समोर लोखंडी मुसळं धपाधप वरखाली होतायत, नाकातोंडावर ओढणी, डोळ्यांना धार, आजूबाजूच्या बायका एकमेकींच्या पिशव्यांत डोकावून मनातल्या मनात शेरे मारतायत (हिच्या धण्यात काड्या, हिची हळद स्वस्तातली), आणि पर्समधला फोन थरथरला. मी एक डोळा डंकावर ठेवून दुसऱ्याने माझ्या पत्रकारितेच्या अभ्यासक्रमाचा शेरा वाचला. ‘स्वाध्याय पाचवा. लेख वाचनीय. अवतरणे फारच गोळीबंद. तुळसाबाई हे वाक्य कुठे, केव्हा म्हणाल्या? त्यांचा फोन नंबर कळवावा. गुरुवारच्या आत. – मार्गदर्शक.’ अक्षरं लाल. खाली आणखी एक ओळ होती, ती काळी: या तुकडीतला एकच लेख संस्था एका दैनिकाच्या रविवार पुरवणीकडे पाठवणार आहे, तुमच्या लेखाचा विचार चालू आहे. पळून जावंसं वाटलं, पण पळणार कशी? मिरची डंकात होती.

वाक्य असं होतं: “समुद्र आमची माय हाय. ती मारील, पन उपाशी ठेवनार नाय.” लिहिताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं होतं. कांदाही चिरत होते, तो भाग वेगळा. आता कुठे आणि केव्हा याचं खरं उत्तर द्यायचं, तर कुठे, माझ्या ओट्यावर. आणि केव्हा, कुकरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शिट्टीच्या मध्ये. तुळसा त्या वेळी वरळी कोळीवाड्यात आपल्या घरी असेल, नाहीतर परळच्या पुलाखाली पाटी मांडून बसलेली असेल, मला काय ठाऊक. मला तिला विचारायची गरजच वाटली नव्हती. आमच्या चाळीच्या काळापासून ती आम्हाला मासे घालते. चाळ पाडून टॉवर झाला, वॉचमन तिला पाटी घेऊन वर सोडेना, तेव्हापासून ती गेटाशी बसते आणि आम्ही बायका लिफ्टने खाली जातो. पण माणूस तेच, पापलेट तेच, आणि ती काय बोलेल हे मला ती बोलायच्या आधी माहीत. फोनमध्ये तिचं नावसुद्धा ‘तुळसा पापलेट’ असंच आहे.

हा माझा गुण म्हणा, खोड म्हणा. माणूस बघितलं की माझ्या मनात त्याचं एक पान उघडतं, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, आणि खाली त्याचं एक ठरलेलं वाक्य. चाळीत लग्न होऊन आले तेव्हा भिंती एवढ्या पातळ होत्या की पहिल्या वर्षातच मला सगळा मजला पाठ झाला. शेजारची बकुळा तिच्या सुनेला काय सुनावणार, ते ती तोंड उघडायच्या आत मी तिच्या आवाजात म्हणून दाखवायचे, आणि मग पलीकडून बरहुकूम तेच ऐकू यायचं. बायका पोट धरून हसायच्या. गणपतीत माझी फर्माईश व्हायची: “मेघना, जरा सेक्रेटरी करून दाखव गं.” सेक्रेटरी स्वतः पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचा. मग चाळ गेली, भिंती जाड झाल्या, पलीकडे कोण काय बोलतं ते ऐकू येईनासं झालं, पण मला कमी पडलं नाही. मी सवयीने रचत राहिले. बकुळा आता बाराव्या मजल्यावर असते, क्वचित दिसते, तरी माझ्या डोक्यात ती रोज बोलते, आणि खरं सांगायचं तर हल्ली पूर्वीपेक्षा चांगलं बोलते. म्हणून तर जाहिरात वाचल्यावर मी उडीच मारली: ‘मुक्त पत्रकार व्हा, घरबसल्या!’ पाठ पोस्टाने येणार, स्वाध्याय फोनवरून पाठवायचे, लाल अक्षरांत शेरे परत. माझा नवरा हितेंद्र, जमेच्या बाजूला सगळं काही असलेला आणि खर्चाच्या बाजूला फक्त विनोद करायची हौस असलेला माणूस, म्हणाला होता, “घरबसल्या पत्रकार म्हणजे बातमी लिफ्टने वर येणार का?” आणि सासूबाई, आनंदीबाई, ज्यांचं गाव मालवणच्या अलीकडचं आणि जीभ पलीकडची, त्यांनी जपमाळ न थांबवता टोला हाणला होता: “घरात बसान बातमी गावता? मगे मी जन्मभर पत्रकारच होतंय गो!” मी मात्र जाहिरात अक्षरशः घेतली. घरबसल्या म्हटलं होतं. मी बसले. पाठ तिसरा, ‘मुलाखत’, त्यात पहिलंच वाक्य होतं, समोरच्याला बोलू द्यावे. ते मी पेन्सिलने अधोरेखित केलं, समासात ‘छान’ लिहिलं आणि पुढच्या पानावर गेले.

डंक थांबला. मिरचीचा लाल धुरळा खाली बसेपर्यंत शिंकांची एक फेरी झाली. मसाला गरम, डब्याला हात लावला तर आतून ताप चढलेल्या पोरासारखा. डबा पोटाशी धरून चालत निघाले आणि चालताना मनात हिशेब सुरू झाला, फार जलद आणि फार नीच. नंबर कळवायचा. त्याआधी तुळसाला गाठायचं आणि पढवायचं, कुणी विचारलं तर असं असं सांग. ती सांगेल. तिचं माझं एवढं आहे. आणि ते वाक्य तिने म्हटलं नसलं तरी तिला शोभणारं आहेच, म्हणजे मी तिच्यावर उपकारच केलेत एका परीने, कोळीणीच्या तोंडी समुद्र नाही घालायचा तर काय कापूस घालायचा? असा हिशेब नफ्यातच येतो. चिवड्याच्या दुकानांच्या ओळीपाशी येईपर्यंत माझी स्वतःची खात्री पटली होती.  

“काय झालं?” हितेंद्रने संध्याकाळी विचारलं. “शेरा बरा नाही आला वाटतं.”

“छापायला घेतायत बहुतेक.”

“मग तोंड असं का?”

“मसाला कुटून आलेय.”

“बरं बरं. मी मुलाखत देत नाही हां, आधीच सांगतो. माझं वाक्य तू ठरवलंच असशील.” आणि हसत टीव्हीपुढे जाऊन बसला. ठरवलेलं होतंच.

मंगळवारी सकाळी मी वरळी कोळीवाड्यात गेले. तुळसा एवढी वर्षं माझ्या दारी येतेय, पण मी तिच्या दारी कधी गेले नव्हते, आणि हे मला गल्लीत शिरल्यावर कळलं. लेखात मी कोळीवाडा लिहिला होता, त्यात जाळी विणणारे हात होते, किनाऱ्यावर डोळे लावून बसलेल्या म्हाताऱ्या होत्या, एक दीपस्तंभसुद्धा होता. इथे एक स्कूटर अडकली होती आणि तीन माणसं तिला तीन दिशांनी ओढत होती. बांबूंवर बोंबील लटकत होते, ते खरे. त्यांच्याखाली एक मुलगी कानात इअरफोनची बोंडं घालून इंग्रजी व्याकरण पाठ करत होती, ते मी घातलेलं नव्हतं. वास मात्र लेखातल्याहून पुष्कळ चांगला होता: खारा, उन्हात तापलेला, भूक लावणारा. दोन घरांच्या फटीतून समुद्र दिसला आणि त्यावरचा लांबलचक पूल, आणि मला उगाचच आनंद झाला. एवढा आनंद की मी कशासाठी आलेय ते क्षणभर विसरले. पायाखालची फरशी ओली होती, कुणीतरी रेडिओ लावला होता, आणि कुणीही मला ओळखत नव्हतं. मला कुणाचं पान माहीत नव्हतं. फार वर्षांनी मी एखाद्या गल्लीतून नुसती, डोक्यात कुणाचा आवाज न घेता चालत होते.

तुळसाचं घर रंगवलेलं, एसी लावलेला, दारात तुळस. तिने मला बघितलं आणि आधी ओळखलंच नाही. मग गाऊनवर टॉवेल टाकत ओरडली, “आगो बाय! तू इथं कशी? मासली खराब निगाली?”

“नाही गं. तुझ्यावर लेख लिहिलाय.”

“माज्यावर? कनाला?” तिने पंखा वाढवला, सरबत केलं, मला पलंगावर बसवलं आणि स्वतः खाली बसली. मीही खाली बसले, तशी ती वर पलंगावर बसली. “वाच.”

मी फोन काढून वाचलं. माझा आवाज उगाच जड झाला. त्या वाक्याशी आले. “समुद्र आमची माय हाय. ती मारील, पन उपाशी ठेवनार नाय.”

तुळसाने हात वर केला. “थांब. कोन म्हनला?”

“तू.”

“मी? कंदी?”

“म्हणजे, म्हणशील असं...”

ती हसायला लागली. आधी खांदे हलले, मग पोट, मग पलंग. “अगो, मी समुद्राला भितंय! लगीन झाला, मालक म्हनला चल, तुला होडीतून फिरवून आनतो. नवी साडी, हातभर हिरवा चुडा. बंदराच्या तोंडाशी जाईस्तो डोका गरगर. वाकून सगला समुद्रात. लग्नाचा जेवान, लाडू, सगला! सासू किनाऱ्यावरनं बगत होती. म्हनली, कोलीन आनली का घाटावरची?” तिने डोळे पुसले. “तेवापासून होडीत पाय नाय. मासली काठाला आली की माजी. त्याच्या पल्याड मालकाची.”

मी हसत होते, पण आतून एक कपाट कोसळल्यासारखं झालं होतं, आणि त्याच्या मागे खिडकी निघाली होती. मी वही काढली. पहिल्यांदाच. “मग तुला काय आवडतं?” मी विचारलं, आणि माझ्या लक्षात आलं की या बाईला मी आजवर ‘ताजी आहे का’ यापलीकडे प्रश्न विचारलेला नाही.

ती विचारात पडली. तुळसा विचारात पडलेली मी कधी बघितली नव्हती. माझ्या पानावर तशी नोंदच नव्हती. “डोंगर,” ती म्हणाली. “एकविरेला जातो ना आमी, कार्ल्याला. वरती जाऊन बसले की बरा वाटते. पायाखाली हालत नाय.” मग म्हणाली, “आनि गिऱ्हाईक. गिऱ्हाईक खोटा बोलते ना, तेवा मना लई मजा येते. तू कशी बोलतेस, करून दावू?” आणि उत्तराची वाट न बघता ती उठली, ओढणी नसताना ओढणी सावरली, नाकाचा शेंडा वर केला, आणि माझ्या आवाजात, अगदी माझ्या, म्हणाली: “‘तुळसा, डोळे बघू! अशी कशी गं ही, रात्री झोपली नव्हती का?’” आतल्या खोलीतून तिच्या सुनेचं हसू फुटलं. म्हणजे हा प्रयोग तिथे नवा नव्हता. “‘सुरमईचे तुकडे नवऱ्याला, डोकं माझ्यासाठी ठेव. बाईच्या वाट्याला दुसरं काय येणार?’”

“हे मी कधी म्हणाले?” मी तडकले. “डोकं मागते, खरं. पण असं मी कधीच म्हणाले नाही!”

“म्हनलीस नाय,” तुळसा शांतपणे म्हणाली. “पन म्हनशील ना!”

आम्ही एकमेकींकडे बघितलं. आतून सून बाहेर आली आणि आम्हाला बघून परत आत गेली, कारण दोन प्रौढ बायका पलंगाच्या दोन टोकांना धरून आवाज न काढता हसतायत हे बघायला बरं दिसत नसावं. श्वास आला तेव्हा मी सांगितलं, “अगं, मला डोकंच आवडतं. नवऱ्याला तुकडे देते कारण त्याला डोक्यातलं खाता येत नाही. सगळी चव डोक्यात असते.” तुळसाचा चेहरा बघून मला कळलं, या कोळीवाड्यात मी इतकी वर्षं एक बिचारी बाई म्हणून नांदत होते, नवऱ्यापायी काटे चोखणारी. चारचौघींत माझ्यासाठी चुकचुकलंही गेलं असेल. “आगो,” तुळसा म्हणाली, “मंग मी फुकटच तुला जास्ती कोथिंबीर घालत होते?”

निघताना मी कबूल केलं, कशासाठी आले होते ते. मार्गदर्शकाचा फोन येईल, नंबर द्यावाच लागणार, लेख पुरवणीत जायचा की नाही ते त्यावर आहे. “तू खरं काय ते सांग. मी लेख बदलतेय. उलटी घालू ना? चालेल?”

“घाल. साडीचा रंग पोपटी घाल. पन ता आदीचा वाक्य परत वाच.” मी वाचलं. “परत.” मी परत वाचलं, तिला आवडलं असं समजून. “तू जा बिनघोर,” ती म्हणाली.

घरी आले ती ओट्याशी गेलेच नाही. टेबलावर बसून सरळ लिहिलं. अवघड होतं. रचलेली तुळसा भराभर बोलायची, ही अडखळत होती, मध्येच सरबत करायला उठत होती, आणि मला तिच्या मागे जावं लागत होतं. तोंडात ताज्या मसाल्याची चव, बोटांना वास, आणि मधूनमधून एकटीच हसतेय म्हणून सासूबाईंची जपमाळ थांबलेली. “काय गावला?” त्यांनी विचारलं. “बातमी,” मी म्हटलं. त्यांनी एक मणी पुढे सरकवला. “बाहेर गेलंस म्हणान.”

लेख पाठवला, नंबर कळवला. बुधवारी दुपारी फोन आला. मार्गदर्शकांचंही पान माझ्याकडे तयार होतं: पुण्याचे, सेवानिवृत्त उपसंपादक, एप्रिलातही मफलर, आयुष्यात एकदाही न हसलेले. “मॅडम, मी चैत्राली,” एक कोवळा आवाज म्हणाला. “तुमची मार्गदर्शक.” मागे ट्रक मागे घेताना वाजतो तसा भोंगा वाजत होता.

“तुम्ही कुठून बोलताय?” मी विचारलं. एका दिवसात लागलेली सवय.

“शिवडीहून. आमच्या घराखाली गोदाम आहे, सॉरी. मॅडम, थोडा घोळ झालाय. मी तुळसाबाईंना सकाळी फोन केला. त्या म्हणाल्या, समुद्र आमची माय हाय, ती मारील, पन उपाशी ठेवनार नाय. शब्दन् शब्द तेच. थोड्या रडल्या पण.”

“रडली?”

“हो. आणि तुमचा नवा लेख आलाय, त्यात त्या म्हणतात की त्यांना समुद्राची भीती वाटते, आणि, म्हणजे, उलटी. मी त्यांना होडीबद्दल विचारलं, तर म्हणाल्या, होडी तर माझा पाळणा. मॅडम, मला खरंच आधीचा लेख खोटा वाटला होता. आता दुसरा वाटतोय.”

मी खुर्चीवर बसले. खरा लेख खोटा ठरत होता आणि खोट्याला साक्षीदार मिळाला होता. एक शब्द बोलायचा होता, ‘पहिलाच छापा’, आणि रविवारी माझं नाव. जमेला सगळं, खर्चाला काहीच नाही. पण मला पोपटी साडी दिसली, हातभर चुडा, होडीच्या काठावरून वाकलेली ती कोवळी मुलगी आणि किनाऱ्यावर कपाळाला हात लावलेली सासू. ती मुलगी लेखातून काढून टाकायची म्हणजे तिला खरोखरच पाण्यात ढकलायचं. मी सगळं सांगितलं. ओटा, कांदा, दुसरी शिट्टी, तिसरी शिट्टी, घरबसल्या.  पलीकडून आधी भोंगा, आणि मग हसू, असं की फोन तोंडापासून लांब धरला असावा.

“म्हणजे तुम्हाला वाचवायला खोटं बोलल्या त्या? पाठ करून?”

“दोनदा वाचून घेतलं होतं माझ्याकडून.”

“मॅडम,” चैत्राली म्हणाली, “पण आता ते वाक्य त्या खरंच म्हणाल्यात.”

“कुठे?” मी म्हटलं. “केव्हा?”

“बुधवारी सकाळी. फोनवर. मला. लिहा, लेखाच्या शेवटी हेच लिहा, जसं झालं तसं. तासाभरात पाठवा. पुरवणीला मी तुमचाच पाठवतेय.”

लिहायला पाऊण तास लागला. उरलेल्या पाव तासात मी ‘तुळसा पापलेट’ला फोन लावला. मागे गिऱ्हाइकांचा गलका होता. “अगं बये, खरं सांग म्हटलं होतं ना मी? पाळणा काय, रडणं काय! का बोललीस असं?”

“तुजा काम अडला असता.” तिला प्रश्नच विचित्र वाटला होता. “उलटीवाल्या बाईचा पेपरात कोन छापेल? मैत्रीन हायेस, एवढा पन नको करू?”

तिच्या पानावर मी इतकी वाक्यं लिहिली होती, त्यात हा शब्द नव्हता. मी वही ओढून ‘मैत्रीण’ लिहून घेतलं. 

“हॅलो? गेलीस काय?” तुळसा ओरडली. “बरा ऐक. उद्या गेटाशी ये लवकर. रावसाचा डोका ठेवलाय मोठा. तुज्यासाठी. आवडते म्हनून. आनि कोथिंबीर आता इकत घे.”